अर्थिंगचा खड्डा

१८ जानेवारी, कुंभकोणम्

आले एकदाची. मिरजेत जो तो सांगत होता, तिकडे भाषेवाचून तुझं अडेल. आणि इथे स्टेशनावर उतरले तर न्यायला आलेल्या जागामालक शामसुंदरांनी विचारलं, "प्रवास सुखें जाला कीं?" मी बघतच राहिले. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरला आलं ते इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांचं मराठी ऐकताना वाटतं, कुणीतरी जुनी पैठणी रोजच्या वापराला काढली आहे.

आडुतुरै रस्त्यावर त्यांचं सुपरमार्केट आहे. तांदूळ, पितळी समया, केळी, शाम्पू, सगळं एका छताखाली. पुढच्या अंगणात आमच्या कंपनीने जागा भाड्याने घेऊन विजेच्या गाड्यांसाठी दोन चार्जर बसवलेत. ते सुरू करून वर्षभर चालवायचं माझं काम. हिशेब साधा आहे. गाडी चार्ज होईपर्यंत माणूस अडकून पडतो आणि अडकलेला माणूस खरेदी करतो. शामसुंदरांना हे माझ्याआधी कळलं होतं. चार्जरच्या शेजारी त्यांनी कॉफीचा ठेला आधीच मांडून ठेवलाय.

राहायला त्यांच्या आत्याकडे आहे. शिवकामीआत्या एकटीच असते, कमी बोलते, जेवायला मात्र सढळ हाताने वाढते.

२१ जानेवारी

आज उद्घाटन. पहिली गाडी मुरलीची. हा नवग्रहांच्या देवळांची फेरी मारून आणणारा टॅक्सीवाला, कर्ज काढून विजेची गाडी घेतलेला. चाकांखाली लिंबं, कापूर, फोडलेला कोहळा. चार्जिंगची गन, म्हणजे केबलच्या टोकाची मूठ, गाडीला लागली तशा टाळ्या पडल्या.

अर्थिंग तपासलं. चार्जरमागे सिमेंटच्या झाकणाखाली खड्डा आहे, त्यातून तांब्याचा दांडा खोल जमिनीत गेलाय. गळकी वीज तिथून मातीत उतरते, म्हणून माती ओली ठेवावी लागते. इतकं उत्तम अर्थिंग मी आजवर पाहिलं नाही. मीटरचा काटा जवळजवळ शून्यावर.

खड्ड्यात पाणी घालायचं काम अलमेलुने मागून घेतलं. ती दुकानात धान्य तोलते. चाळिशीची, मालकांकडून मराठी उचललेली, केसांत जाईचा गजरा, जिभेने तिखट. तिने कळशी ओतली आणि खालून घोटल्यासारखा आवाज आला. दुसरी ओतली, तीही गेली. ती हसून म्हणाली, "ह्याला तहान फार." रिकाम्या पोकळीतली हवा असेल.

२८ जानेवारी

धंदा जोरात आहे. पण एक गोष्ट चमत्कारिक. चार्जिंगला थांबलेली माणसं फार पाणी पितात. गन लावली की तडक फ्रीजकडे जातात. ताक, गुलाबाच्या वासाचा पन्नीर सोडा, पाण्याच्या बाटल्या, काही पुरत नाही. शामसुंदरांनी दुसरा फ्रीज आणलाय. ते खूश आहेत. म्हणतात, ऊन आहे हो.

कसलं ऊन! सकाळी नऊपर्यंत भातशेतांवर धुकं असतं. आत्या शाल पांघरून कॉफी पिते.

१ फेब्रुवारी

आज मीच अनुभवलं. गन हातात धरून केबल बघत होते. आधी जीभ टाळूला चिकटली. मग ओठ ताणले गेले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. गन सोडली आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. तरी घसा कोरडाच.

सगळं तपासलं. कुठेही वीज गळत नाही. आणि गळली तर शॉक बसेल, तहान का लागेल? खड्ड्याचं झाकण काढून कान लावला. आत कुणीतरी गिळत होतं. वर पाणी ओतलं नव्हतं तरी.

मी घाबरले, हे लिहायला लाज नाही. पण घाबरून घरी जाणाऱ्यांतली मी नाही.

५ फेब्रुवारी

मुरली कोसळला. भर दुपारी, गाडीला टेकून उभा होता तसाच खाली आला. डॉक्टर म्हणाले, हा माणूस कित्येक दिवस पाण्याविना राहिल्यासारखा सुकलाय. त्याने तर माझ्यासमोर दोन पेले ताक घेतलं होतं.

दोन्ही चार्जर बंद केले, मेन स्विचला कुलूप घातलं. शामसुंदर आले. मासीमहमच्या जत्रेची गर्दी तोंडावर आहे, यात्रेकरूंच्या गाड्या येतील, किल्ली द्या म्हणाले. मी दिली नाही. कंपनीला फोन करून तुम्हाला काढायला लावतो म्हणाले. लावा म्हटलं. तोवर किल्ली माझ्या कमरेला आहे.

७ फेब्रुवारी

वीज बंद आहे तरी थांबत नाही. ते आता दुकानात आलंय.

अंगणाकडच्या भिंतीलगतच्या फळीवर पाण्याच्या बाटल्या होत्या. सगळ्या रिकाम्या. झाकणांची सीलं शाबूत. मी एकेक उचलून पाहिली. आत थेंब नाही.

अलमेलुचे ओठ फुटलेत. बोलताना रक्त येतं. रजा घे म्हटलं तर म्हणाली, बापाचा पत्ता नाही, आई गेली, घरी बसून करू काय.

बापाचा पत्ता नाही म्हणजे काय, ते विचारलं. तो विहिरी खणायचा. सेतू नाव. ती लहान असताना सकाळी कामाला गेला तो परतलाच नाही. दुसऱ्या बाईबरोबर पळाला असं गावाने ठरवून टाकलं.

८ फेब्रुवारी

आत्याला बाटल्यांचं सांगितलं. तिने हातातला पेला खाली ठेवला. मग बोलली ते तसंच लिहिते.

"तेथें तळें होतें. दुष्काळाचे वर्षीं आटलें. माझे भावानें, शामसुंदराचे बापानें, बुजवायाचें ठरविलें. तळ्याचे पोटांत एक विहीर होती, सेतू तींत उतरला होता, दगड काढाया. वर कोणीं पाहिलें नाही. लॉरी आली, माती ओतली."

कळल्यावर उकरलं का नाही, मी विचारलं.

"तो आंतून हाक मारीत होता. पाणी मागत होता. भाऊ म्हणाला, आतां काढला तर आपण अस्के, घरचे सगळे, तुरुंगांत जाऊं. दुसरी लॉरी ओतविली."

शामसुंदर तेव्हा शाळकरी पोर होता. तो तिथे उभा होता. आत्याही.

आमचा तांब्याचा दांडा त्याच्यापर्यंत गेलाय.

९ फेब्रुवारी

सकाळी अलमेलुला सांगितलं. आत्या सोबत होती, तिनेच सांगितलं, मी नुसती उभी राहिले. अलमेलु रडली नाही. तिने विचारलं, किती खोल?

शामसुंदर आधी नाही म्हणाले, मग आत्याचं वय झालंय म्हणाले, मग माझ्यापुढे हात जोडले. दुकान बसेल, अलमेलुला आम्ही उपाशी ठेवलं का कधी. मी म्हटलं, तुम्ही तिला तिच्या बापावर उभं करून धान्य तोलायला लावलंत.

जागा कराराने कंपनीकडे आहे. अर्थिंग उकरायला मला कुणाला विचारायचं कारण नाही. आत्या उद्या संध्याकाळी पोलिसांकडे स्वतः जाणार. अलमेलु म्हणाली, जाऊ दे, पण तोपर्यंत माझा अप्पा तहानलेला राहणार नाही.

घसा — लिहिताना थांबून पाणी प्यावं लागतं. उपयोग होत नाही.

१० फेब्रुवारी, सकाळ

खणतोय. मुरली दवाखान्यातून उठून आलाय, हाताला सलाईनची पट्टी तशीच. त्याने दोघं मजूर आणलेत. शामसुंदरांनी फाटक लावून घेतलं होतं, आत्याने काठी टेकत जाऊन उघडलं. भाच्याकडे पाहिलंही नाही.

मी इथेच स्टुलावर बसून लिहितेय, डोळ्यांसमोर घडेल तसं. उद्या कुणी म्हणायला नको की असं काही झालंच नाही.

१० फेब्रुवारी, दुपार

विहिरीचं तोंड लागलं. माती खाली गेलीच नव्हती. वरच दगडांवर अडकलेली — खाली पोकळ. काळोख. गार वारा येत नाही, गरम येतो. श्वासासारखा.

मजूर पळाले. तोंडं सुकून काळी पडलेली.

मुरली नाही पळाला.

हाडं सापडली तर पोलीस काढतील, मी म्हटलं. अलमेलु ऐकेना. कमरेला दोर बांधला, कळशी भरून घेतली. म्हणाली, पाणी तर पाजून येते. उतरली.

—

खालून तिचा आवाज. अप्पा म्हणतेय. पाणी ओतल्याचा आवाज. घोट. घोट.

मग काही नाही.

—

दोर ताणला. ओढा म्हणाली. मुरली ओढतोय, आत्याही लागली. येत नाही. मुरली ओरडून सांगतोय, एकीचं वजन नाही हे — दोघांचं —

खालून दोर ओढला जातोय. आत्याचे हात सोलवटले, सोडत नाही. शामसुंदर फाटकापाशी उभे होते, ते धावत आले — त्यांनी धरला —

जीभ सुजलीये. अक्षर नीट —

दोर काठावर घासून तुटायला लागलाय. ती खालून हाक मारतेय, मला सोडू नका, ह्यालाही सोडू नका.

नाही सोडत. पुन्हा माती पडू देणार नाही आम्ही. वही ठेवते, मला दोर धरायला —