करड्या बुचाची नळी

३ मार्च
माझं नाव काढून टाकलं! सात महिने पेशी मोजल्या, डोळ्यांची वाट लावून घेतली – आणि शोधनिबंधाच्या मसुद्यावर एकटे साहेब. "बाई, तुमची फक्त तांत्रिक मदत." फक्त! फ्लोराइडने रक्तातल्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जंतूंवर धावून जायचं सोडून रांगत बसतात – हे आधी कुणाला दिसलं? ह्यांना सूक्ष्मदर्शकाची काच पुसता येत नाही धड.

बघून घेईन.

११ मार्च
शेवटचा प्रयोग साहेब स्वतः करणार म्हणे. माझ्यावाचून अडत नाही हे दाखवायचंय. करा!

स्वतःचंच रक्त दिलं. त्याचे दोन भाग – एकात फ्लोराइड घालायचं, दुसरा तसाच ठेवायचा, मग तुलना. पण रक्त घेतलं कशात? नेहमीच्या हिरव्या बुचाच्या नळ्या संपलेल्या, म्हणून शेजारच्या खोक्यातली करड्या बुचाची उचलली! ती साखर तपासायची नळी. तिच्यात आधीपासूनच फ्लोराइड असतं, रक्त घेणारं कुणीही सांगेल. म्हणजे दोन्ही भाग बाधलेले.

सांगायला तोंड उघडलं होतं मी. मिटलं.

१३ मार्च
दोन्हीकडच्या पेशी सारख्याच सुस्त. साहेबांचा निष्कर्ष – फ्लोराइडने काही फरक पडत नाही! वर मलाच, "बाई, तुमचं आधीचं मोजमाप चुकलेलं दिसतंय."
"हो साहेब." संडासात जाऊन पोटभर हसले.

छापून येऊ दे. मग ती नळी – जपून ठेवलीय मी – चारचौघांत ह्यांच्या नाकासमोर धरते. तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही!

२ जून
आलं छापून. फुगू दे अजून.

१९ जून
पुढच्या महिन्यात मोठी परिषद, साहेब भाषण करणार. भर सभेत उठून विचारीन, रक्त कुठल्या नळीत घेतलं होतं? आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. आवाज जरा कापतो, पण जमेल.

२७ जून
धाकट्या बहिणीचा फोन. तिच्या वस्तीतल्या विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, गाळणयंत्र बसवायचं ठरलं होतं. ते रद्द झालं. बैठकीत साहेबांचा निबंध वाचून दाखवला म्हणे.
ती खुशीत होती. "पोरांना आता बिनधास्त तेच पाणी देते. मी सगळ्यांना सांगितलं, माझी ताई त्याच लॅबमध्ये आहे. काही चुकलं असतं तर ती गप्प बसली असती का?"