अंगठीला एक तारा

३ जानेवारी. सकाळी ६.५०
आजपासून रोजनिशी. कागदावर. नोंदी ठेवायची सात ॲप वापरून झाली. एकाचा पासवर्ड विसरलो, एकाने गेल्या वर्षाच्या नोंदी गिळल्या, बाकीची रोज संध्याकाळी विचारतात, ‘आज कसं वाटतंय?’ दमलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. सगळ्यांना सरासरी अडीच तारे.

मुद्दा हाच की मी दमलोय. वय एकावन्न. सकाळी उठतो तो दमलेलाच उठतो. पंपांच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. लोकांच्या तक्रारी वाचायच्या आणि ‘वापरण्यातील चूक’ असा शेरा मारून परत पाठवायच्या. बाहेरून वाटतं तितकं हे काम हलकं नाही.

मला झोप लागत नाही, हे मूळ. या वर्षी त्याचा शास्त्रशुद्ध बंदोबस्त करणार.

६ जानेवारी
पावसाच्या आवाजाचं ॲप. तीस दिवस फुकट. पाऊस चार प्रकारचा: पत्र्यावरचा, पानांवरचा, दूरचा, आणि ‘आठवणीतला’. पत्र्यावरचा लावून पडलो. थोड्या वेळाने बायकोने बंद केला. सकाळी विचारलं तर म्हणाली, त्या आवाजात आईंची हाक ऐकू येत नाही.

आई शेजारच्या खोलीत असते. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडला, तेव्हापासून वॉकर आणि कुणाचा तरी हात, दोन्ही लागतं. विसरतेही अलीकडे. पण रात्री हाक मारते हे मला नवीन होतं. मला तर कधी ऐकू आली नाही. आणि मी जागाच असतो.

ॲपला तीन तारे. घरच्यांचं सहकार्य नसल्याने पूर्ण चाचणी झाली नाही, असं स्पष्ट लिहिलं.

११ जानेवारी
सूर्योदयाचा दिवा आला. उठायच्या आधी अर्धा तास खोली हळूहळू उजळत नेतो. शरीराला फसवल्यासारखं वाटत नाही म्हणे.

१२ जानेवारी
दिव्याच्या घड्याळात थोडा घोळ झाला होता. सूर्योदय पहाटे तीनला झाला. दाराच्या फटीतून उजेड आईच्या खोलीत गेला, तिला सकाळ झाली असं वाटलं, तिने चहा मागितला. बायकोने करून दिला. मग आईला आंघोळ हवी होती, तेव्हा तिची समजूत काढून तिला परत झोपवलं. हे सगळं मला नाश्त्याच्या वेळी कळलं. दिवा नेमका डोक्याशी असून मला जाग आली नाही, यावरून माझा थकवा किती खोल आहे ते दिसतं.

रिव्ह्यू लिहिला: ‘उजेड भरपूर. सूर्योदय होतो.’ चार तारे.

हा माझा चारशे बारावा रिव्ह्यू. लोक वेबसाइटवर काहीही बघतात आणि घेतात, कुणीतरी आधी पारखून सांगायला नको का. आजवर अठ्ठावीस जणांनी ‘उपयोगी’ असं बटण दाबलंय. बायकोला हा आकडा सांगितला. ती पीठ मळत होती. म्हणाली, बरं.

१९ जानेवारी
सापडलं. झोप मोजणारी अंगठी. बोटात घालून झोपायचं, ती नाडी बघते, कूस बघते, किती वेळा उठलात ते बघते, आणि सकाळी फोनवर शंभरपैकी मार्क देते. ऑफर संपायला अकरा मिनिटं उरली होती, आकडे लाल रंगात पळत होते. बोटाचं माप कागदाच्या पट्टीने घ्यायचं होतं. पट्टी गुंडाळली, पेनने खूण केली, साडेनऊ मिनिटांत ऑर्डर. एवढी घाई मी ऑफिसातही करत नाही.

आता पुरावा मिळेल. घरात कुणाला माझ्या न झोपण्यावर विश्वास नाही.

२६ जानेवारी. संध्याकाळी ७
अंगठी आली. देखणी आहे. दुसऱ्या पेरापुढे जात नाही. साबण लावून गेली, मग बाहेर येईना, मग तेल. कागदाच्या पट्टीत दोष होता.

बदलून मिळण्यासाठी वेबसाइटवर एक मदतनीस आहे, यंत्र. तिला लिहिलं, अंगठी बसत नाही. तिने विचारलं, तुम्हाला बसायला जागा हवी आहे का. पाऊण तास हे चाललं.

२७ जानेवारी
अंगठी बायकोला बसते. तिला म्हटलं, पंधरा दिवस तू घाल, यंत्र रुळू दे, तोवर बदलीचं बघतो. तिने विचारलं, भांडी घासताना चालेल का. चालेल, पाण्यात खराब होत नाही, सातव्या पानावर दिलंय. तिने घातली.

माहिती माझीच भरून ठेवली आहे: पुरुष, एकावन्न, वजन ब्याऐंशी. सारखी बदलत कोण बसणार.

३१ जानेवारी
चार दिवसांचा अहवाल. शंभरपैकी एकोणतीस, सव्वीस, एकतीस, बावीस.

झोप सरासरी तीन तास पन्नास मिनिटं. रात्रीत पाच-सहा वेळा उठणं. प्रत्येक वेळी पावलं: साठ, ऐंशी, एकदा एकशे चाळीस. आडवं पडल्यावरही नाडी धावतेय. सोबत सल्ला, ‘आपण प्रवासात आहात का?’

यंत्र सदोष. बाई रात्रीत एकशे चाळीस पावलं कुठे चालेल? घर केवढं आमचं.

१ फेब्रुवारी
तिला विचारलं, तू रात्री उठतेस का. म्हणाली, हो. किती वेळा? चार, पाच. आईंना बाथरूमला न्यायचं असतं, कधी चादर बदलायची असते, कधी त्यांना नुसतं कुणी आहे का ते बघायचं असतं. मी म्हटलं, मग मला कसं कळत नाही? म्हणाली, तुम्ही झोपलेले असता.

हे मला अतिशयोक्तीचं वाटलं. वाद घातला नाही. दमलेल्या माणसाने वाद घालू नये.

२ फेब्रुवारी
अंगठीवर सविस्तर रिव्ह्यू टाकला. मथळा: ‘कल्पनेत झोपमोड करणारं यंत्र’. एक तारा. शून्य देता येत नाही. कंपनीलाही पत्र. अहवाल घरच्या ग्रुपवर टाकला, मुलीला गंमत वाटेल म्हणून. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते.

लगेच तिचा फोन. हे कुणाच्या बोटातलं आहे, बाबा? मी म्हटलं, आईच्या, पण तो प्रश्नच नाही. ती म्हणाली, यंत्र बरोबर आहे, बाबा. मी तिला नमुन्यातली त्रुटी म्हणजे काय ते समजावत होतो, तेवढ्यात तिने तिच्या आईकडे फोन द्यायला सांगितलं. त्या दोघी अर्धा तास बोलत होत्या. आत दार लावून.

५ फेब्रुवारी
कंपनीचं उत्तर आलं. ‘तपासणीअंती आमच्या यंत्रात दोष आढळला नाही. वापरण्यातील चूक असू शकते.’

तक्रार न वाचताच उत्तर दिलेलं आहे, हे मला लगेच ओळखू येतं.

९ फेब्रुवारी
प्रश्न आईच्या बाजूने सोडवायचा ठरवला. तिच्या खोलीत कॅमेरा. ती हलली की फोनवर सूचना येते, म्हणजे हाकेकडे कान लावून राहायला नको. निवांत झोपता येतं. सूचना बायकोच्या फोनवर लावल्या. माझा फोन चाचण्यांसाठी मोकळा लागतो.

१० फेब्रुवारी
काल रात्री त्रेसष्ट सूचना. आई कूस बदलते तेव्हाही येते, पडदा हलला तरी येते. बायकोने सकाळी फोन माझ्यासमोर ठेवला आणि कामाला गेली. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, सकाळची वेळ.

आईला कॅमेऱ्यातला लाल ठिपका दिसतो. तिने विचारलं, तो कोपऱ्यात कोण बसलाय, त्याला कुणी पाणी विचारलं का.

कॅमेऱ्याला तीन तारे. संवेदनशील आहे.

१४ फेब्रुवारी. दुपारी ३
ऑफिसात फोन आला. दुकानाचे मालक बोलत होते. हिने सकाळपासून दोन गिऱ्हाइकांचे चष्मे अदलाबदल करून दिले. ते दोघे परत आले, तेव्हा माफी मागायला उठू गेली आणि उठताच आलं नाही. खाली बसली ती बसलीच. मी पोचलो तोवर मालकांनी स्वतः गाडीतून दवाखान्यात आणलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं बघितली. रक्त खूप कमी आहे म्हणाल्या. विचारलं, झोप किती होते? ही म्हणाली, होते तशी. मग त्यांचं लक्ष अंगठीकडे गेलं. मी फोन काढून अठरा दिवसांचा अहवाल दाखवला, हे सांगून, की यंत्र विश्वासार्ह नाही, मी त्याला एकच तारा दिलाय.

त्यांनी सगळा बघितला. खालपर्यंत. घरी कोण कोण आहे ते हिला विचारलं, मग मला विचारलं, रात्री तुमच्या आईंसाठी कोण उठतं?

मी म्हटलं, तशी व्यवस्था आहे.

हिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानात उभं राहून बाहेरची गर्दी बघावी, तसं.

१५ फेब्रुवारी
मेहुणी येऊन हिला घेऊन गेली. तीन आठवडे पूर्ण विश्रांती. जाताना म्हणाली, भावोजी, फोन करू नका, ती झोपलेली असेल. निघण्याआधी ही आईच्या खोलीत जाऊन आली, गोळ्यांच्या डब्यावर सकाळ-दुपार-रात्र असं लिहून ठेवलं. आणि मला सांगितलं, त्यांना उठवताना आधी डावा हात द्यायचा. उजवा दिला की घाबरतात.

मी म्हटलं, काळजी करू नकोस, सगळं सिस्टीमवर टाकतोय.

दुपारभर बसून सिस्टीम लावली. कॅमेरा, सूचना आता माझ्या फोनवर, आईच्या उशाशी बिनतारी घंटेचं बटण, गोळ्यांची आठवण करणारं ॲप, पर्याय म्हणून दुसरं ॲप. दिवसा शेजारच्या काकू बसतील. अशी घडी बायकोनेही कधी बसवली नव्हती. तीन आठवडे म्हणजे काही मोठी गोष्ट नाही.

१६ फेब्रुवारी. सकाळी ८
सहाला उठलो. गाढ झोप लागली होती, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. फोनवर एकेचाळीस सूचना.

आई पलंगाच्या कडेला बसलेली होती. गाऊन, चादर, सगळं ओलं आणि गार. पाय गार. घंटेचं बटण हातात धरलं होतं, दाबलं नव्हतं, हे काय आहे ते तिला समजलं नसावं. कधीपासून बसलीस विचारलं. म्हणाली, हाक मारली होती मी. मग म्हणाली, असू दे, कामात असशील.

पाणी गरम केलं. चादर काढायला पंचवीस मिनिटं लागली. माणूस वर बसलेलं असताना चादर कशी बदलतात, हे मला माहीत नव्हतं.

ऑफिसला गेलो नाही. आज कशाला तारे दिले नाहीत.

१७ फेब्रुवारी
गादी आईच्या खोलीत, जमिनीवर टाकली. तात्पुरती. चारदा उठलो.

१८ फेब्रुवारी
पाचदा. उजवा हात दिला. घाबरली.

२० फेब्रुवारी
साहेबांचा फोन. किती दिवस सुट्टी? म्हटलं, घरी एक व्यवस्था लावतोय. तुमच्या मिसेस बऱ्या आहेत ना, त्यांनी विचारलं. म्हटलं, झोपलेल्या आहेत.

तसा मी आता तयार झालोय. हाक आली की उठतो. कधी हाकेच्या आधीच. कॅमेरा काढून ठेवला, त्याचं कुठलंही बटण मला अंधारात सापडत नाही. आईने विचारलं, तो कोपऱ्यातला गेला का. म्हटलं, गेला. म्हणाली, काही बोलायचा नाही, पण जागा असायचा.

२२ फेब्रुवारी
भात करपला. गोळ्यांची दोन्ही ॲप एकाच वेळी वाजली, गोळी दोनदा देणार होतो, डब्यावरचं अक्षर बघून थांबलो. दोन्ही काढून टाकली.

हिला एक मेसेज लिहिला, बराच मोठा. मग पुसला. ‘आई ठीक’ एवढंच पाठवलं. संध्याकाळी उत्तर: ‘तुम्ही?’

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. नव्हे, पंचवीस. हे पण आत्ता मोजलं.

२४ फेब्रुवारी. पहाटे
आईला बाथरूमहून आणलं, पलंगावर बसवलं, पाय पुसले. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग विचारलं, तुम्ही इथे किती दिवस आहात?

मी म्हटलं, नऊ.

म्हणाली, माणूस चांगले आहात तुम्ही, पण हात जड आहे. आधीची बाई होती ना, तिचा हात हलका. तिला काढलं का?

म्हटलं, नाही, सुट्टीवर आहे. डॉक्टरांनी दिली सुट्टी.

बरं झालं, ती म्हणाली. फार दमलेली असायची. बोलायची नाही. घरातल्यांच्या लक्षात आलं नाही.

मी चादर नीट करत होतो. ती म्हणाली, माझ्या मुलाला सांगितलं असतं, पण त्याला वेळ नसतो. तो काहीतरी मोठं काम करतो. फोनवर असतं. लोकांना उपयोगी.

मी म्हटलं, हो, ऐकून आहे.

मग तिला कुशीवर वळवलं आणि पांघरूण घातलं.