हिरवं पुस्तक उज्वलाला

सागवानी कपाट एक, खिळा एकही न मारता, सगळे सांधे खाचेचे. पुस्तक उघडं धरायला पितळी चिमटे चार. हिरव्या पुठ्ठ्याच्या रशियन कादंबरीची बांधणी, दोनदा. रशियन-मराठी शब्दांची कार्डं, चपलांच्या नऊ खोक्यांत. एवढं मी स्वतःच्या हातांनी केलं. बाकीचं पगारातून आलं किंवा वडिलांकडून.

मी, शेखर सावळीराम विधाते, वय ५३, टूलरूम फिटर, राहणार द्वारका, नाशिक, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत व स्थिर बुद्धीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. 'स्थिर बुद्धीने' हे आजपुरतं खरं आहे. उद्या सकाळी डोक्यातली डावीकडची गाठ काढणार आहेत. बोलणं-वाचणं किती परत येईल, सांगता येत नाही म्हणाले. डॉक्टरांनी फाइलमध्ये माझ्या भाषा लिहिल्या: मराठी, हिंदी, इंग्लिश. रशियन आणि जर्मन मी लिहायला लावल्या. कुठली आधी जाईल, हे त्यांनाही माहीत नाही.

१) द्वारकेचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक पत्नी सौ. उज्वला हिला.

२) मखमलाबादच्या गुलाबाच्या वावरातला माझा हिस्सा धाकटा भाऊ बारकू याला. गुलाब तोच करतो. "दादा, ती रशियन बाई घरी कधी आणतो?" हे त्याने माझ्या लग्नाच्या पंगतीत विचारलं आणि पुढे दर दिवाळीला विचारलं. जमीन देतो. चेष्टेची माफी देत नाही.

३) मायक्रोमीटर मुलगी निकिता हिला. ती बँकेत आहे, तिला उपयोग नाही. पण लहानपणी तिने त्यावर स्वतःच्या केसाची जाडी मोजली होती. दुसऱ्या कोणाला देववत नाही.

४) जर्मन पुस्तकं वाचनालयाने घेतली तर वाचनालयाला. रद्दीत एकही जाऊ नये.

५) हिरवं पुस्तक. याबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल.

सिन्नरच्या कारखान्यात जुनं रशियन लेथ होतं. त्याच्या माहितीपुस्तिकेवरून मी भाषा शिकलो. त्यामुळे पहिली दोन वर्षं मला 'तेल बदला', 'झडप बंद करा', 'हात दूर ठेवा' एवढंच येई. 'आई', 'बर्फ', 'रडली' हे शब्द फार नंतर आले. पुढे हे पुस्तक मिळालं. त्यात मला न अडखळता कळलेलं पहिलं वाक्य एक बाई नवऱ्याला म्हणते ते: हात दूर ठेवा. लेथवरचंच वाक्य. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

उज्वला म्हणायची, "अहो, त्यात आहे काय एवढं? एकदा मराठीत सांगा ना." मी म्हणायचो, "सांगितलं की ते ते राहत नाही." मग ती भाजी निवडायला जायची.

इथे दाखल झाल्यापासून मी ते मराठीत लिहायला घेतलं आहे. अकरा पानं झाली. परवा एक शब्द अडला. बाई दार उघडून जिथे थांबते तो शब्द. रशियन तोंडात होता, मराठी येईना. दारातलं ते लाकूड डोळ्यांसमोर दिसत होतं, त्यावर हळदीकुंकू वाहिलेलंही दिसत होतं, शब्द नाही. निकिताला घरी फोन केला. तिला एक-एक रशियन अक्षर कसं दिसतं ते सांगितलं. तिने कार्ड शोधून मागचं वाचलं, "उंबरठा, बाबा. उंबरठा." कार्डावरचं हस्ताक्षर माझंच होतं.

तेव्हा पुस्तक, अकरा पानं आणि नऊ खोकी उज्वलाला. पुढचं मृत्युपत्रात बसत नाही, हे मला माहीत आहे. मी जिवंत परतलो पण वाचा परतली नाही, तर तिने ही पानं मला मोठ्याने वाचून दाखवावीत. मला कळलं नाही तरी वाचावीत. तिला कळतील. काल अकरावं पान वाचून तिने विचारलं, "दारात कोण आलंय?" मी म्हणालो, "बाराव्या पानावर." ती म्हणाली, "मग लिहा ना. बसलेय मी." बारावं झालं नाही.

ठिकाण: नाशिक. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५.
सही: शेखर सावळीराम विधाते
साक्षीदार: १) विमलाबाई लहानू खोडे, वॉर्डातल्या सिस्टर. सही.
२) खंडेराव मौले, पुस्तक प्रकाशक, द्वारका. सही बाकी.

खंडेराव पेन हातात घेऊन बसला आहे. म्हणतो, "ते पण लिही शेखर. नाहीतर मी सही नाही करत." वर जागा नाही, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर इथे लिहितो आणि खाली आम्ही तिघंही सही करू.

दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, खंडेराव घरी आला होता. अख्ख्या हिरव्या पुस्तकाचं मराठी भाषांतर मी करावं, तो छापेल, असं म्हणाला. उज्वला चहा घेऊन दारातच उभी राहिली होती. मी म्हणालो, "ज्याला वाचायचंय त्याने भाषा शिकावी," आणि नकार दिला. त्याने देऊ केलेली मुदत दोन वर्षं, म्हणजे याच महिन्यापर्यंत. मानधन ₹ ६०,०००, अक्षरी रुपये साठ हजार फक्त.