कोठारातली कापूरआरती

अप्पा, आज नुंगंबाक्कमच्या कापडदुकानात साड्या सोडून मी छताकडेच बघत उभी राहिले. सून म्हणाली, "अम्मा, साड्या खाली आहेत." पण वर ओळीनं स्प्रिंकलर होते, आणि मला एकदम आपला आयुधपूजेचा दिवस आठवला.

मी तेव्हा कॉलेजात होते. मद्रासच्या त्या गिरणीत, कापसाच्या कोठारात, तुम्ही छताला नळ्या नुकत्याच बसवल्या होत्या. आग लागली की त्यांतून आपोआप पाणी पडणार होतं. मालकांना ते पटलेलं नव्हतं. एका ठिणगीनं सगळ्या तोट्या उघडतील आणि कोठार बुडेल, ही त्यांची धास्ती. "पहिलं नुकसान झालं की नळ्या काढीन, आणि तुम्हालाही," असं त्यांनी चारचौघांत सुनावलं होतं. त्या आठवड्यात तुमच्या तोंडची चव गेली होती, आईनं केलेला चिंचेचा वत्तकोळंबूसुद्धा तुम्ही ताटात ठेवलात.

अवजारांच्या पूजेला सगळ्यांची घरची माणसं आली होती. तराजूला गंध लागलं, लॉरीला हार पडला. आईची नजर वर नळ्यांकडे गेली. "सगळ्यांस आरती झाली, ह्यांसच कां नाही?"

"अगं, ते यंत्र. देव नव्हे."

"मग लॉरी कोण, अम्मनदेवीची बहीण?"

आईपुढे तुमचं कधी चाललंय? तुम्ही शिडी चढता, तबक उंच धरता, कापूर भडकतो. उष्णतेनं तोटी उघडते हे अख्ख्या गिरणीला शिकवणारे तुम्ही, आणि भक्तिभावानं डोळे मिटून उभे! फट्‌कन आवाज झाला आणि तुम्ही, आई, खाली उभे मालक, चुरमुऱ्यांची टोपली, सगळं चिंब. त्यातच बाहेर धोक्याची घंटा घणघणू लागली. आरतीचीच घंटा समजून कामगारांनी हात जोडले.

तुम्ही उतरून झडप बंद करायला धावलात. मला हसू येत नव्हतं, अप्पा. तुमची नोकरी गेली, एवढंच दिसत होतं. मालकांनी धोतर पिळलं आणि बराच वेळ वर बघितलं. मग तमिळमध्ये विचारलं, "एकच उघडली? बाकीच्या गप्प कशा?"

"ज्या तोटीस जाळ लागला, तीच उघडते. हेच तर सांगत होतो."

मालक सगळीकडे फिरले, कोरड्या गाठींवर हात फिरवून आले. "सरि," ते म्हणाले, "उरलेल्या कोठारांतही बसवा. आरती मात्र खालूनच करा."

बसमध्ये आई म्हणाली, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," आणि तुम्ही जे हसायला लागलात ते मैलापूर येईपर्यंत. कंडक्टरही कारण न कळता हसत होता.

हे कुठे पाठवायचं, माहीत नाही. नातवंडांना सांगताना मी मालकांना दरवेळी थोडं जास्तच भिजवते. खरं सांगू? तुमचा बोलण्याचा आवाज मला आता आठवत नाही, अप्पा. त्या बसमधलं हसणं तेवढं ऐकू येतं, म्हणून ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते.