आठ मीटर खोल स्थितप्रज्ञ

३ मार्च
पन्नाशीनिमित्त बायकोला समुद्राच्या पोटात शिरायचंय. स्कूबा डायव्हिंगला जोडी लागते, म्हणून मी. ती झुरळाला घाबरते. खाली तिचं कसं होणार? माझं ठीक आहे. वीस वर्षांचा प्राणायाम पाठीशी आहे. संकल्प : चित्त स्थिर ठेवणे, तिला धीर देणे.

५ मार्च
शिकवणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. पहिला नियम म्हणे, पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. मी तिला कुंभकाचं माहात्म्य सांगितलं. ऐकून घेऊन म्हणाली, काका, ते घरी. इथे फक्त घ्यायचा आणि सोडायचा. व्यासंग म्हणून राहिलेला नाही कुणाला.

८ मार्च
तलावात सराव. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. गडबडलात तर थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग हालचाल. क्रम मुखोद्गत होता. प्रत्यक्षात हालचाल आधी झाली. जिवाच्या आकांताने हातपाय मारत होतो, तर मुलगी ओरडतेय, काका, उभे राहा! राहिलो. पाणी छातीपर्यंत.
बायकोला पहिल्याच फटक्यात जमलं. नवशिक्यांचं नशीब.

१२ मार्च
समुद्र. आठ मीटर. मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं. सवयीने श्वास रोखला. मग भानच गेलं. तोंडातली नळी थुंकली आणि बायकोच्या तोंडातली ओढून घेतली. अशा प्रसंगासाठी जादा नळी, पिवळीधमक, तिच्या छातीशी अडकवलेली होती. तीच तिने निवांत तोंडात घातली, माझा दंड धरला आणि मला सावकाश वर आणलं.
बोटीवर मुलीने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ही जरा घाबरली. हे खोटं तोंडातून कसं निघून गेलं, कोण जाणे. बायकोने माझ्याकडे पाहिलं. टॉवेल दिला.
मुलीने एका कार्डावर शेरा लिहून ते मला दिलं. म्हणाली, तलावात पुन्हा सराव झाल्याशिवाय समुद्र नाही. कार्ड उघडायची हिंमत झाली नाही. पाप माझं, शेरा बायकोला.

१३ मार्च
बायको तलावात. येतं तेच पुन्हा करतेय. मी काठावर. नाक दुखतंय (हे खरं आहे). ती सारखी माझ्याकडे बघते. सोसवत नाही. जेवताना तिच्याकडे कबुली द्यायचं ठरवलं. तेवढ्यात तिनेच विचारलं, अहो, नाकाला आराम आहे का? संध्याकाळी सांगेन.

१४ मार्च, सकाळ
संध्याकाळी तिचा डोळा लागला होता. उठवणं बरं दिसत नाही.
आज पुन्हा तलाव. उद्या शेवटची बोट.

दुपारी ४
मुलीला गाठलं. म्हटलं, घाबरलो तो मी. शेरा खोडा, हिला उद्या न्या. म्हणाली, काका, मी तुमच्या मागे हातभर अंतरावर होते. शेरा तुमच्याच कार्डावर आहे. काकूंना कालच बोटीवर चला म्हटलं, तर म्हणाल्या, आधी यांचा सराव होऊ दे. दोन दिवस पाण्यात तुमची वाट बघतायत.
कार्ड खिशातच होतं. वर माझं नाव.

१५ मार्च
बायकोला मुलीबरोबर बोटीवर बळेच पाठवलं. मी छातीभर पाण्यात. मास्क एकदा रिकामा झाला. प्रयत्न अकरा.
ती परतली ती उजळून. काय पाहिलंस, विचारलं. म्हणाली, एक मासा होता. घाबरला की टम्म फुगतो. तुमची फार आठवण आली.
माफी मागायची म्हणून मी छाती भरून श्वास घेतला. म्हणाली, अहो, आधी तो सोडा.