रिकाम्या हातानं चुड्याला

प्रिय आत्याबाई,

तुम्ही गेल्यापासून काही सांगायचं असलं की मी दुकानात एकटीच बडबडते. आज मात्र लिहायला बसले, कारण काल माझ्या मैत्रिणीच्या, वंदनाच्या पूजाला लग्नाचा चुडा भरला आणि तो आपल्या बांगड्यांच्या दुकानातला नव्हता. हे मोठ्यानं बोलले तर शेजारचा टेलर ऐकेल.

पूजा आठवते ना? बारशाच्या काळ्या बांगड्या तुम्हीच तिच्या हातात घातल्या होत्या. तिच्या लग्नाचा चुडाही आपणच भरणार, हे मी धरूनच चालले होते. हिरव्या काचेच्या बांगड्यांच्या माळा कधीच्या आणून ठेवल्या होत्या. परवा वंदनाचा फोन आला.

"सुषमा, पोरीनं चुडा मोबाईलवरून मांगवला वं. तू ये न, हातात भरून दे फक्त."

फक्त म्हणे! दुसऱ्याची बांगडी तुमच्या सुनेनं भरायची? तुम्ही असता तर हसून 'येतो वं' म्हणाला असता आणि वर नवरीला कोणता रंग आवडला तेही विचारलं असतं. कसं जमायचं तुम्हाला?

मला नाही जमत. माझा जळफळाट होतो, दुकानच बंद करावंसं वाटतं. शेलूबाजारात त्या डिलिव्हरीवाल्याची गाडी थांबली की बायका पिठाचे हात घेऊन बाहेर येतात. आपल्या दुकानापुढून जाताना मात्र त्यांना नेमका फोन येतो. तो गाडीवाला कुणाला बस म्हणत नाही, घरचं बरं आहे का म्हणून विचारत नाही. तरी त्याची वाट बघतात. माझी अशी वाट कुणी बघितलीय कधी?

तरी मी गेले. खरं सांगू? बांगड्या अडकलेल्या बघायला गेले. मापाचा घोळ होणार, पूजा रडवेली होणार आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघणार, असं मनात रंगवत गेले. बांगड्यांची पेटी मुद्दाम दुकानातच ठेवली. त्यांचाच माल भरायचा तर माझी पेटी कशाला मिरवू?

कसला घोळ अन् कसलं काय. पूजानं हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि बांगड्या सरसर वर गेल्या. एकसुद्धा वाढली नाही, साधा तडाही नाही. साबण नको, तुम्ही शिकवलेला अंगठ्याखालचा दाब नको, मी तर नकोच नको. आणि चुडा देखणा होता हो, आत्याबाई. काचेला बारीक सोनेरी कड होती. आपल्याकडे तसला नाही. तिथून उठून घरी जावंसं वाटलं.

तेवढ्यात मांडवातल्या बायका माझ्यापुढं येऊन बसल्या. नवरीचं झालं की पाहुण्या बायकांना बांगड्या भरायच्या, ही आपली रीत मी, कासाराघरची सून, रागाच्या भरात विसरले होते. मोबाईलवरून आला होता तो एकट्या नवरीचा. पूजाची कारंज्याची आजी तर बाही मागे सारून, हात पुढे करून बसली होती.

"पेटी कुठी हाय वं?"

"दुकानात राह्यली."

"चुड्याले अशी रिकामी काहून आली? तुही सासू नव्हती येत अशी."

वंदनाचं तोंड एवढंसं झालं. पाहुण्यांसमोर लेकीच्या लग्नात उणं राहिलं, आणि ते माझ्यामुळे. दारात कुणाचं तरी पार्सल द्यायला तोच गाडीवाला उभा होता. म्हणाला, "बसा काकू, आनू पेटी."

काय करणार? बसले त्याच्या मागे. मधे त्याची ती भली मोठी बॅग. सगळा बाजार बघत होता. मी विचारलंच, "तुले बायका च्या देत असतीन न?"

"च्या? पानी बी नाही, काकू. नंबर सांगतात अन् दार लावून घेतात."

जाता जाता मी त्याला दुकानातल्या माठातलं पाणी दिलं.

परत येऊन सगळ्यांना भरल्या. आजीचा हात कडक, हाडं वर आलेली, तरी एकही बांगडी वाढू दिली नाही. आजीनं हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "भरतं बरं. पन तुह्या सासूच्या हातानं दुखत नव्हतं."

आता मी जळायचं तरी कुणावर? गाडीवाल्यावरचा राग पाण्याबरोबर गेला. उरलात तुम्ही. जाऊन वर्ष झालं तरी गिऱ्हाईक अजून तुमचंच! तुमच्यावर रुसायचं तर तुम्ही समोरही नाही.

म्हणून आज कबूल करते. नवरीचा चुडा कुठूनही येवो, मी पेटी घेतल्याशिवाय मांडवात पाऊल टाकणार नाही. दुकानही बंद करणार नाही. आणि पाटीवर तुमचं एकटीचंच नाव आहे ना? त्याच्याखाली माझं रंगवून घेणार आहे. अक्षर तुमच्याएवढंच मोठं. राग आला तर खुशाल स्वप्नात येऊन भांडा. येताना हात कसा धरायचा तेवढं पुन्हा दाखवून जा.

तुमच्यावर अजून जळणारी,
तुमची सून
सुषमा