तुझ्या नावापाशी अडले

१२ नोव्हेंबर, दुपार

लाडक्या चिमणे,

आईचा सलाम आणि दोन्ही गालांचे पापे. आम्ही ठीक आहोत. बाबाही ठीक, जेवण बरं जातं. थंडी सुरू झाली आहे, तू कान बांधत जा. तुझ्याकडे बायबल वाचायला येणाऱ्या त्या मुली खोकल्याने बेजार होत्या, त्या बऱ्या झाल्या का?

आमची बुधवारची प्रार्थनासभा चालू आहे. बायका मोजक्याच उरल्यात. जगभर विद्यार्थ्यांमध्ये प्रभूची सेवा करणारे जेवढे म्हणून तुम्ही लोक आहात, त्या सगळ्यांच्या प्रार्थनेच्या विनंत्या आपल्या चर्चच्या पाळकबाई वाचतात आणि आम्ही पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करतो. कुणाला मुलांना जमवायला खोली मिळत नाही, कुणाला विद्यापीठाने फाटकातूनच परत पाठवलं, कुणी एकटाच चार गावांची कॉलेजं सांभाळतो आणि आता त्याचा आवाजच बसलाय. ऐकताना सगळी आपलीच पोरं वाटतात. शिवणवाली मावशी तर प्रत्येकासाठी रडते. पाळकबाई तिच्यासाठी एक रुमाल जादाच आणतात.

गेल्या बुधवारी तुझी विनंती आली. "पुढची तीन वर्षं मला इथेच सेवा करता यावी." म्हणजे हे मला पाळकबाईंच्या तोंडून कळलं, चारचौघींत! पाळी नेमकी माझी होती. बाकीच्यांसाठी भराभर मागत गेले. तुझ्या नावापाशी आले आणि तोंडून शब्दच फुटेना. बायकांना वाटलं, आईचं काळीज भरून आलं. मावशीने हात धरला, सगळ्या "आमेन" म्हणाल्या आणि माझी सुटका झाली.

काळीज भरून वगैरे काही आलं नव्हतं. राग आला होता.

आता लिहूनच टाकते. फोनवर बोलता येत नाही, बाबा शेजारीच असतात. बाबा ठीक नाहीत. उन्हाळ्यात न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उभं राहणं काही जमलं नाही. तेव्हापासून अंथरुणातच आहेत. तुझा फोन यायचा असला की मी त्यांना उशांना टेकवून बसवते, सदरा बदलते, आणि ते हसून बोलतात. "तिला सांगशील तर बघ, तिचं काम थांबेल," असा दम भरलाय मला. अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं मीच करते. माझी कंबर पार गेली आहे. बाबा रोज सकाळी डोळे मिटून मोठ्याने मागतात, "प्रभू, जगभरच्या तुझ्या थकलेल्या सेवकांना विसावा दे." आणि आमेन म्हटल्या म्हटल्या, "अगं ए, पाणी आण गं!" मी आणते. हसू येतं, रडूही येतं.

तुझ्या कामाला मी कमी लेखत नाही. त्या मुलींना तू हवी आहेस, हे कळतं मला. पण मलाही तू हवी आहेस, चिमणे. मी खरंच दमले. आधी मला विचारायचंस गं.

महिनाअखेरच्या बुधवारी पाळी पुन्हा माझी आहे, तोवर हे पत्र पोचेल. तुझं नाव आलं की सगळ्यांदेखत मागणार आहे, "हिला घरी आण." बाबा रागावतील. पाळकबाईंना काय वाटायचं ते वाटो. पण तुझ्या विनंतीच्या उलट मागायचं, तर निदान तुझ्या पाठीमागे नको, म्हणून आधी तुला कळवते आहे.

गुडघे टेकले की आधाराशिवाय उठता न येणारी,
तुझी आई